ज्याचा त्याचा गडी

चिऊ बंदरावर क्रेन चालवायची. जहाजातून कंटेनर उचलायचे आणि धक्क्यावर बरोबर आखलेल्या चौकटीत उतरवायचे, हे तिचं काम. अंगानं दणकट, आवाजानं खणखणीत, हाताखाली चार माणसं. पण घरात ती चिऊच राहिली होती. या नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात राहायला गेली, तेव्हा तिनं आपलं जुनं गेमचं यंत्र घरीच ठेवलं आणि आईला सांगितलं, की फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ याच्या पुढे सरकतच नाही, त्यापेक्षा दर रविवारी दुपारी आपण खेळत जाऊ. कानाला हेडफोन लावले की खेळता खेळता गप्पाही होतील.

आई शहराची बस चालवायची. तिनं आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, पण लेकीशी दोन तास बोलायला मिळतंय म्हटल्यावर ती काहीही खेळायला तयार होती.

चिऊला आवडायचा तो लंबगोल चेंडूचा फुटबॉल. हा पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात. एका संघाचा एकजण चेंडू फेकणारा असतो, त्याचे धावणारे गडी मैदानभर पसरतात, आणि त्यातला कुणीतरी चेंडू झेलून समोरच्या टोकाला पोचला की सगळ्यात जास्त गुण, सहा. दुसऱ्या संघानं त्यांना अडवायचं. पडद्यावर अकरातला एकच खेळाडू आपल्या हातात असतो. बाकीच्यांना काय करायचं ते आधी नेमून द्यायचं, मग यंत्र त्यांना पळवतं.

आईला हे कळायलाच महिना गेला. पहिल्या पहिल्या रविवारी ती स्वतःच्याच माणसाला मैदानाबाहेर पळवत न्यायची आणि चिऊ तिकडे हसून हसून बेजार व्हायची. खिडकीशी बसून चष्म्यांच्या काड्या जुळवणारे बाबा न वळता विचारायचे, “आज किती लोकांना चुकीच्या स्टॉपवर उतरवलंस?” बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि रविवारी उरलेलं काम ते घरी आणत.

आई हरत राहिली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लेक काय बोलते, कुणावर चिडते, कोण मुकादम तिला त्रास देतो, हे सगळं तिला खेळताना कळायचं, आणि तेवढ्यावर ती खूश होती.

मग एका रविवारी ती जिंकली. शेवटच्या मिनिटात तिच्या धावणाऱ्यानं चेंडू झेलला आणि तो थेट टोकापर्यंत पळत गेला. आई खुर्चीतून उठली आणि खोलीत एक गोल चक्कर मारून आली. दुसऱ्या दिवशी तिनं डेपोत सगळ्यांना चहा पाजला. कंडक्टरबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा तिनं त्यांना बसवलं. गेममध्ये झालेला सामना पुन्हा बघता येतो, हे तिला नुकतंच समजलं होतं. तो झेल, ती धाव, सगळं तिनं हौसेनं लावलं. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना मात्र तिची नजर आपल्या माणसाऐवजी चिऊच्या माणसावर गेली. तो अगदी वाटेत होता. हात लांब केला असता तरी पुरलं असतं. पण तो जागच्या जागी थांबला, चेंडू जाऊ दिला, आणि मग उलट्या दिशेला दोन पावलं चालला.

बाबांनाही ते दिसलं. ते म्हणाले, की पोरीचं बोट घसरलं असेल. आईनं यंत्र बंद केलं आणि फोन लावला.

“तू हातचं राखून खेळलीस,” ती म्हणाली.

चिऊनं कबूल केलं, की आई सारखी हरते याचं तिला वाईट वाटायला लागलं होतं.

“मी हरते त्याचं वाईट नको वाटून घेऊस,” आई म्हणाली. “मला येणारच नाही, असं तू ठरवून टाकलंस. ते मला लागलं.”

चिऊनं माफी मागितली. आईनं ती मनापासून दिली. पुढचे काही रविवार आपल्याला जमणार नाही, असा निरोप तिनं पाठवला. रुसून नव्हे. तिला तयारी करायला वेळ हवा होता.

सकाळची पाळी संपली की दुपारी घर रिकामं असायचं. आई जेवायची, ताट घासून ठेवायची आणि पडद्यासमोर बसायची. आपण का हरतो, हे आधी बघायचं, असं तिनं ठरवलं. जुने सामने एकेक करून लावले आणि समोर आलेली गोष्ट इतकी साधी होती, की तिचं तिलाच हसू आलं. ती पहिल्या दिवसापासून एकच बचाव लावत होती. प्रत्येक गड्यानं मैदानातला आपापला तुकडा सांभाळायचा. आपल्या तुकड्यात कुणी आलं तर अडवायचं, गेलं की सोडून द्यायचं. चिऊला ते पाठ झालं होतं. दोन तुकड्यांच्या मधे जी फट असते, तिथे ती बरोबर चेंडू टाकायची, आणि आईचे दोन्ही गडी ‘हा तुझा, हा तुझा’ म्हटल्यासारखे एकमेकांकडे बघत राहायचे.

यादीत दुसराही एक बचाव होता. मॅन कव्हरेज. त्यात जागा कुणीच राखायची नाही. प्रत्येकानं समोरचा एक गडी धरायचा आणि तो जाईल तिथे जायचं. आईनं त्याला नाव ठेवलं, ज्याचा त्याचा गडी.

पहिले चार दिवस तिचे नुसते हाल झाले. सरावात यंत्राचा जो संघ आधी तिला थोडक्यात हरवायचा, तो आता धुऊन काढायला लागला. यंत्रानं तिच्या सगळ्यात मंद गड्यासमोर त्यांचा सगळ्यात चपळ गडी उभा केला होता आणि ती ते न बघताच खेळत होती. जोड्या आपल्याला बदलता येतात, हे तिला शोधून काढावं लागलं. मग तिनं वेगवान माणसासमोर वेगवान आणि उंच माणसासमोर उंच उभा केला. ज्याची कुणाशीच जोडी लागत नव्हती, त्याला तिनं सगळ्यांच्या मागे लांब उभं केलं. कुणी निसटलाच तर पकडायला.

तरीही तिच्या स्वतःच्या हातातला गडी फसायचाच. का ते कळायला आणखी काही दुपारी गेल्या. चेंडू हवेत उडाला की तिची नजर चेंडूकडे जायची, आणि त्या निमिषात समोरचा गडी वळून नाहीसा व्हायचा. तिनं स्वतःला सक्त ताकीद दिली, की चेंडूकडे बघायचं नाही. माणूस बघायचा. माणसानं झेलायला हात वर केले की चेंडू आलाच म्हणून समजायचं, आणि तेव्हाच उडी मारायची. आधी मारली तर हवेत लटकायचं आणि नंतर मारली तर समोरच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. पळायचं बटणही ती सारखं दाबून धरायची. ते सुटं सोडल्यावर तिचा गडी समोरच्याबरोबर वळायला लागला.

एकदा जेवताना ती बाबांना म्हणाली, “अहो, सगळे आपापल्या माणसामागे पळतात ना, तेव्हा त्यांची पाठ असते चेंडू फेकणाऱ्याकडे. मग तो स्वतःच चेंडू घेऊन चालत सुटतो. त्याच्यावर पण एक माणूस ठेवायला हवा.”

बाबांनी घास हातात धरून विचार केला. “सगळेच मांडवात, दाराशी कुणीच नाही,” ते म्हणाले.

“अगदी तेच.”

महिन्याभरानं, एका रविवारी, आईनं हेडफोन लावले. चिऊ जपून, गोड गोड बोलत होती. आईनं सांगितलं, की आज हातचं राखलंस तर मी हे यंत्र भंगारात देईन. पहिल्या डावात चिऊनं नेहमीच्या फटीत चेंडू टाकला. तिथे फट नव्हती. दुसऱ्यांदा टाकला, तिथे आईचा गडी सावलीसारखा चिकटलेला. तिसऱ्यांदा चिऊचा फेकणारा चेंडू घेऊन स्वतःच पळाला, तर समोर माणूस उभाच होता.

चिऊचं बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटी शेवटी नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आई तीन गुणांनी जिंकली.

“परत खेळू,” चिऊ म्हणाली. परत खेळल्या, तेव्हा चिऊ जिंकली, पण तिचा चांगलाच घाम निघाला होता. मग ती म्हणाली, की आई, बंदरावर दर वर्षी आमच्या करमणूक सभागृहात याच खेळाच्या जोड्यांची स्पर्धा असते. एका संघात दोघं, दोघांच्या हातात एकेक गडी. जोडीदार घरातला चालतो. येशील?

“माझी कीव येऊन विचारत असशील तर नको,” आई म्हणाली.

“कीव नाही. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा कप्तान आणि त्याचा मेहुणा आम्हा क्रेनवाल्यांना दर वर्षी लोळवतात. मला या वर्षी जिंकायचंय.”

आईनं रजा टाकली. बाबांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि दोघं आगगाडीनं गेली.

सभागृह म्हणजे एक लांबलचक खोली होती. लोखंडी कपाटं भिंतीला सरकवलेली, घड्या घालायच्या खुर्च्या ओळीत मांडलेल्या, समोर पांढरा पडदा. लोक कामावरून तसेच आले होते. कुणाच्या बुटांना ग्रीस, कुणाच्या गळ्यात शिट्टी. चिऊ आईला घेऊन आत आली तेव्हा दोनचार जणांनी उठून बसायला खुर्ची दिली. त्यांना वाटलं, आई बघायला आलीय. ती पुढे जाऊन पडद्यासमोरच्या बाकावर बसली, तेव्हा मागे थोडी कुजबुज झाली.

पहिल्या दोन जोड्या फार टिकल्या नाहीत. कुजबुज थांबली. आईला तेव्हा कुणी पाणी आणून दिलं, कुणी पंखा तिच्याकडे वळवला.

अंतिम सामना कप्तानाशी. तो पन्नाशीचा, हळू बोलणारा, सभ्य माणूस. त्यानं वाकून आईला नमस्कार केला आणि म्हणाला, की तुमच्या लेकीनं उतरवलेला एकही कंटेनर मी वाकडा बघितलेला नाही. मग खाली बसला आणि त्यानं दोघींची दाणादाण उडवली.

तो हुशार होता. डाव सुरू व्हायच्या आधी तो आपल्या एका धावणाऱ्याला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालवत न्यायचा. आईचा एक गडी इमानदारीत त्याच्यामागे चालत जायचा, आणि कप्तानाला लगेच कळायचं, की यांनी ज्याचा त्याचा गडी धरलाय. एवढं कळलं की तो दोन धावणारे एकमेकांना अगदी खेटून आडवे पळवायचा. मागचे दोघे राखणदार एकमेकांवर आदळायचे आणि कुणीतरी मोकळा सुटायचा. मध्यंतराला कप्तान पुढे होता.

चिऊनं कपाळ पुसलं. ती आईच्या कानाशी म्हणाली, की आपलं बिंग फुटलंय, आता जागा राखू या. निदान मोठी धाव तरी जाणार नाही.

आईनं बाटलीतलं पाणी घेतलं. “जागा राखून मी तुझ्याशी किती महिने हरले?”

“पण त्याला दिसतंय, आई.”

“त्याला माझा गडी चालताना दिसतो. मग मी चालणार नाही.”

तिचं म्हणणं असं होतं, की जो धावणारा आधी चालत जातो, त्याच्यासमोरचा गडी आपण स्वतःच्या हातात घ्यायचा. यंत्र त्याला चालवणार नाही, कारण तो आपल्याकडे आहे. त्याला तिथेच उभा ठेवायचा, जागा राखत असल्यासारखा. डाव सुरू झाला, की धावायचं. थोडं अंतर पडेल, ते ती भरून काढेल. चिऊनं मधला गडी घ्यायचा आणि फेकणाऱ्यावर डोळा ठेवायचा.

चिऊनं तिच्याकडे बघितलं. क्रेनवर असताना खालून कुणी ‘उचल’ म्हटलं, तर दोरखंड पुन्हा तपासल्याशिवाय ती काही उचलत नसे. या वेळी तिनं मान हलवली.

दुसऱ्या अर्ध्यात कप्तानानं नेहमीसारखा आपला माणूस चालवत नेला. आईचा गडी जागचा हलला नाही. कप्तानाला वाटलं, यांनी बचाव बदलला, आणि त्यानं चेंडू फटीत टाकला. फट नव्हती. चिऊच्या गड्यानं तो अलगद झेलला आणि मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग दोघींनी गुण केले, मग आणखी केले. कप्तान आता प्रत्येक डावाआधी पडद्याकडे बारीक डोळे करून बघत होता. मेहुणा त्याच्या कानाशी काहीबाही सांगत होता.

शेवटी दोघी चार गुणांनी पुढे होत्या, चेंडू कप्तानाकडे होता आणि वेळ एकाच डावापुरता उरला होता. मैदानाचं टोक जवळच होतं. तिथे चेंडू पोचला की तो जिंकणार, नाही तर या दोघी. पहिल्या रांगेत बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा चष्मा मागून घेतला होता आणि ते तो पुसत बसले होते. त्या बिचाऱ्याला पडदा दिसत नव्हता, पण तो काही बोलला नाही.

कप्तानाचा सगळ्यात चपळ गडी उजव्या कडेला उभा होता. तो आईचा. डाव सुरू झाला. गडी आत वळल्यासारखा झाला आणि बाहेर पळाला. आई फसली नाही. तेवढ्यात तिच्या डोळ्यांच्या कडेला आणखी काहीतरी हललं. फेकणाऱ्याशेजारी त्याच्या रक्षणाला म्हणून उभा असलेला माणूस हळूच निसटून डावीकडे निघाला होता. त्याला धरायचं काम चिऊच्या गड्याचं होतं, आणि चिऊ फेकणाऱ्यावर चालून गेली होती.

तो माणूस संपूर्ण मोकळा होता. आई आपल्या गड्याला सोडून तिकडे पळू शकली असती. तिची बोटं तशी वळलीही. पण ती तिकडे गेली असती, तर उजवी कड उघडी पडली असती.

“मागचा निघाला,” ती म्हणाली. “तुझा आहे तो.”

आवाज चढवला नव्हता. चिऊनं विचारलं नाही, बघितलंही नाही. तिनं फेकणाऱ्याला सोडलं आणि डावीकडे झेप घेतली. कप्तानानं ते पाहिलं. त्यानं हात मागे घेतला आणि चेंडू उजव्या कडेला, आपल्या चपळ गड्याकडे उंच टाकला.

सगळं सभागृह त्या चेंडूकडे बघत होतं. आई बघत नव्हती. ती त्या गड्याच्या खांद्यांकडे बघत होती. तो पळत होता, ती पळत होती. त्यानं मान वळवली, तरी तिनं उडी मारली नाही. त्यानं हात वर केले.

आईनं बटण दाबलं. चेंडू तिच्या माणसाच्या बोटांना लागला आणि बाहेर जाऊन पडला.

चिऊनं आईला बाकावरून अर्धवट उचललंच, तिच्या त्या दणकट हातांनी, आणि मागे लोकांनी बूट आपटायला सुरुवात केली. बाबा उठून उभे राहिले होते, दुसऱ्याचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून.

ढाल द्यायला मुकादम आला. त्यानं कागद बघून चिऊचं आणि तिच्या क्रेनचं नाव घेतलं आणि पुढे ‘व पाहुण्या’ असं म्हणाला. चिऊनं त्याच्या हातून माइक घेतला. एरवी चारचौघांत बोलायला ती पुढे होत नसे.

“पाहुण्या नाहीत,” ती म्हणाली. “ही माझी आई आहे. ती बस चालवते. हा बचाव तिनं स्वतः बसवला, मला नंतर शिकवला. मला यातलं काहीच येत नव्हतं.”

आईनं ढाल हातात घेतली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं मान खाली घातली नाही. लोकांकडे सरळ बघितलं आणि हसली.

नंतर चहा होता. कप्तान आपला कप घेऊन त्यांच्या टेबलाशी आला आणि बसायची परवानगी मागितली. हरल्याचं त्याला वाईट वाटत होतं आणि तो ते लपवत नव्हता. त्यानं विचारलं, की माझा माणूस चालत गेला तेव्हा तुमचा गडी उभाच कसा राहिला? मी ते अजून उकलू शकलेलो नाही.

आईनं त्याचा कप त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. समोर आपला ठेवला. मग बाबांचा ओढला, चिऊचा ओढला, साखरेचं भांडं मागे लांब ठेवलं. “हा तुमचा चालणारा,” ती म्हणाली. “आता तुम्ही याला इकडून तिकडे न्या बघू.”

कप्तानानं कप सरकवला. आईनं आपला कप बोटांनी धरून ठेवला, हलवला नाही. कप्तानानं तिच्या बोटांकडे बघितलं, तो मोठ्यानं हसला आणि त्यानं मेहुण्याला हाक मारली. मेहुणा आला, त्याच्यामागून क्रेनवरचे दोघे आले, मग आणखी कुणी. आई समजावत होती. हा धावला की यानं धावायचं, याच्याकडे बघायचं, चेंडूकडे नाही. कुणीतरी अडचणीचा प्रश्न विचारला, तिनं थोडा विचार केला आणि साखरेचं भांडं हातभर डावीकडे सरकवलं.

चिऊला आता टेबल दिसतही नव्हतं, इतकी माणसं भोवती वाकली होती. मागे उभ्या असलेल्या नव्या वेल्डरनं तिला विचारलं, की त्या मधल्या बाई कोण आहेत. चिऊनं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं पलीकडून एक खुर्ची ओढून आणली, आणि त्याला म्हणाली, “हिच्यावर उभा राहा. तिथून नीट दिसेल.”

गडी मांडायला टेबलावरचे कप पुरेनात. मेहुणा आणखी आणायला गेला.